पहिले दोनशे ग्रॅम, पहिली पंधरा मिनिटं

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यातल्या नमुना ताटात एका माणसाला दिवसाला सुमारे ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं लागतात. हे वजन देठं, साली, बिया काढून टाकल्यानंतरचं, कच्च्या भाजीचं. हा हिशेब घरच्या पिशवीवर करून बघा. चार माणसांना रोज दोन किलो, म्हणजे आठवड्याला चौदा किलो. मंडईतून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन येणाऱ्यांचीसुद्धा एवढी खरेदी होत नाही. पावशेर गवार चौघांना पुरावी म्हणून तिच्यात दोन बटाटे चिरून घालणारी घरं मात्र गल्लोगल्ली सापडतील.

जागतिक आरोग्य संघटनेची मागणी थोडी कमी आहे. फळं आणि भाज्या मिळून ४०० ग्रॅम. पण त्यात बटाटा धरत नाहीत, रताळंही नाही. वडापावातला वडा, मसाला डोशातलं सारण आणि आषाढी एकादशीचं जवळपास सगळं ताट एका फटक्यात बाद होतं.

व्यायामाचंही असंच. आठवड्याला किमान १५० मिनिटं अंगाला घाम आणणारी मध्यम हालचाल, आणि दोन दिवस स्नायूंना जोर लावणारं काहीतरी, असं संघटना सांगते. २०२४ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आलेल्या आकडेवारीनुसार २०२२मध्ये भारतातले जवळपास निम्मे प्रौढ एवढीही हालचाल करत नव्हते. बायकांत हे प्रमाण ५७ टक्के, पुरुषांत ४२.

असले आकडे समोर आले की बहुतेक माणसं दोहोंपैकी एक काहीतरी करतात. काहीजण एक तारखेपासून जिमचे वर्षाचे पैसे भरतात, मिक्सरमध्ये पालक फिरवून पितात आणि वीस तारखेला थांबतात. बाकीचे 'हे आपल्याच्यानं व्हायचं नाही' म्हणून पान उलटतात. दोघांचाही समज एकच असतो: पूर्ण केलं तरच फायदा, नाहीतर शून्य. या शिफारशी ज्या अभ्यासांवर उभ्या आहेत ते बघितले तर नेमकं उलटं दिसतं.

२०१७ साली लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या डागफिन आउने यांच्या गटानं जगभरातले ९५ अभ्यास एकत्र करून फळं-भाज्यांचा हिशेब मांडला. अजिबात न खाणाऱ्यांच्या तुलनेत रोज २०० ग्रॅम खाणाऱ्यांमध्ये अकाली मृत्यूचा धोका १५ टक्क्यांनी कमी दिसला. ८०० ग्रॅम खाणाऱ्यांमध्ये ३१ टक्क्यांनी. आता वजाबाकी करा. पहिल्या दोनशे ग्रॅमनी पंधरा टक्के दिले, आणि पुढच्या सहाशे ग्रॅमनी सगळे मिळून सोळा. पक्षाघाताचंही चित्र तसंच: दोनशे ग्रॅमला १८ टक्के, आठशेला ३३.

दुसरा हिशेब तैवानचा. चार लाखांहून जास्त लोकांवर सरासरी आठ वर्षं नजर ठेवून केलेला हा अभ्यास २०११ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. रोज साधारण १५ मिनिटं मध्यम व्यायाम करणाऱ्यांचा मृत्यूचा धोका काहीच न करणाऱ्यांपेक्षा १४ टक्क्यांनी कमी होता, आणि त्यांचं अपेक्षित आयुष्य तीन वर्षांनी जास्त. त्यापुढच्या प्रत्येक पंधरा मिनिटांनी धोका आणखी चार-चार टक्क्यांनी उतरत गेला. पहिल्या पंधरा मिनिटांना चौदा, पुढच्या पंधरा मिनिटांना चार. रसवंतीच्या चरकातून ऊस पहिल्यांदा जातो तेव्हाच बराचसा रस निघतो. मग तो दुमडून, लिंबू-आलं घालून कितीही वेळा फिरवला तरी धार बारीकच होत जाते. हे तसंच आहे. जो आधीच खूप करतो त्याला आणखी केल्यानं थोडंच मिळतं. सगळ्यात मोठा लाभ काहीच न करणाऱ्यासाठी राखून ठेवलेला असतो, फक्त त्यानं सुरुवात करायला हवी.

इथं एक खोड काढायला हवी. हे अभ्यास लोक जसे जगतात तसे जगू देऊन, त्यांच्यावर लक्ष ठेवून केलेले असतात. भरपूर भाजी खाणारा माणूस बरेचदा विडी-सिगारेट कमी ओढतो, चार पैसे बाळगून असतो, वेळेवर डॉक्टरकडे जातो. संशोधक हे फरक गणितानं बाजूला काढतात, पण सगळे निघतातच असं नाही. म्हणून १४ किंवा १५ हा आकडा दगडावरची रेघ समजू नये. फायद्याच्या रेषेचा आकार मात्र, म्हणजे सुरुवातीला चढ आणि मग सपाटी, वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसतो. माझा भरवसा त्या आकारावर आहे.

व्यायामाचा आणि हृदयाचा संबंध पहिल्यांदा नीट दाखवला तो एका बसच्या जिन्यानं. दुसऱ्या महायुद्धानंतर हृदयविकाराचे झटके एकाएकी का वाढले, हे कोडं ब्रिटनमधल्या डॉक्टरांना सुटत नव्हतं. जेरी मॉरिस नावाच्या संशोधकानं लंडनच्या वाहतूक सेवेतल्या सुमारे ३१ हजार पुरुषांच्या नोंदी तपासायला घेतल्या. लंडनची दुमजली बस ही प्रयोगासाठी जणू मुद्दाम बांधलेली होती. एकाच बसवर दोन माणसं, दोघंही साधारण एकाच थरातली, पगारात फार फरक नाही. एक दिवसभर बसून गाडी हाकतो. दुसरा तिकिटं फाडत खाली-वर करतो आणि दिवसाकाठी पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढतो. कंडक्टरांना हृदयविकार कमी होता, झालाच तर उशिरा होत होता आणि त्या झटक्यातून वाचण्याचं प्रमाणही ड्रायव्हरांपेक्षा जास्त होतं. १९५३ साली हे निष्कर्ष छापून आले. पायी टपाल वाटणारे पोस्टमन आणि टपाल खात्यातलेच खुर्चीवरचे कारकून यांच्यातही तोच फरक निघाला.

मॉरिस यांच्यावर टीका झाली, आणि तीही चुकीची नव्हती. ड्रायव्हर मुळातच जाडे असतील तर? मग त्यांनी कर्मचाऱ्यांच्या गणवेशाच्या नोंदी काढल्या आणि विजारींच्या कमरेची मापं तपासली. ड्रायव्हरांची कंबर खरंच मोठी होती, आणि नोकरीला लागतानाच मोठी होती. पण बारीक ड्रायव्हर आणि बारीक कंडक्टर समोरासमोर ठेवले तरी हृदयविकार ड्रायव्हरांनाच जास्त. म्हणजे वजनाचा वाटा आहेच, पण हालचालीचा वेगळा वाटाही आहे. वजनकाट्यावर काटा हलला नाही म्हणून चालणं सोडून देणाऱ्यांनी ही विजारींची गोष्ट लक्षात ठेवावी. मॉरिस स्वतः नियमित व्यायाम करत आणि ९९ वर्षं जगले. (हा अभ्यास मुंबईत झाला नसता. बेस्टच्या दुमजली गाडीला खालच्या आणि वरच्या मजल्यावर वेगवेगळे कंडक्टर असत. १९३७ पासून धावणाऱ्या त्या डिझेलच्या दुमजली गाड्या २०२३च्या सप्टेंबरात बंद झाल्या.)

त्या कंडक्टरांपैकी कोणीही 'व्यायाम' करत नव्हता, हे मला या अभ्यासातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ते काम करत होते. एका दमात चार-आठ पायऱ्या, मग थांबणं, मग पुन्हा. निदान सलग दहा मिनिटं केलं तरच हालचाल मोजायची, असा नियम पूर्वी होता. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२०च्या शिफारशींत तो काढून टाकला. बसथांब्यापर्यंत पाय उचलून चालणं, तिसऱ्या मजल्यावर जिन्यानं जाणं, दळण खांद्यावर घेऊन येणं, हे सगळं आता खात्यात जमा होतं. चाल पुरेशी आहे का हे ओळखायची खूण सोपी आहे. चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणायला लागलं तर दम लागावा.

दहा हजार पावलांचा आकडाही कुठल्या प्रयोगशाळेतून आलेला नाही. टोकियो ऑलिम्पिकनंतर, १९६५ साली, जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र बाजारात आलं आणि त्याच्या नावातच दहा हजार होतं. जाहिरातीचं ते घोषवाक्य पुढे आरोग्याचा नियम होऊन बसलं. २०१९ साली अमेरिकेत १६ हजारांहून जास्त वयस्क बायकांवर झालेल्या अभ्यासात, दिवसाला सुमारे ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण २,७०० पावलंवाल्यांपेक्षा ४१ टक्क्यांनी कमी होतं, आणि साडेसात हजारांच्या पुढे आणखी फायदा दिसला नाही. पुन्हा तीच रेषा. हातातल्या घड्याळात ९,२०० दिसताहेत म्हणून रात्री अकरा वाजता दिवाणखान्यात येरझाऱ्या घालणाऱ्यांनी आता खुशाल झोपावं.

अन्न आणि हालचाल यांची गाठ जिथं पडते ती जागा म्हणजे स्नायू. जेवल्यावर रक्तात साखर वाढते. ती पेशींच्या आत जावी म्हणून इन्सुलिन लागतं. इन्सुलिनचा निरोप पोचला की स्नायूंच्या पेशी आपल्या आवरणावर साखर आत घेणारे वाहक आणून ठेवतात. मधुमेहात, किंवा मधुमेहाच्या उंबरठ्यावर, हा निरोप नीट ऐकला जात नाही. पण स्नायू स्वतः कामाला लागला की तो इन्सुलिनची वाट बघत नाही. आकुंचन पावतानाच तो हे वाहक पृष्ठभागावर बोलावतो आणि साखर ओढून घेतो. मांड्या आणि पोटऱ्या हे शरीरातले मोठे स्नायू. म्हणून जेवणानंतरचं साधं चालणं एवढं काम करतं.

आपल्याकडे रात्रीच्या जेवणानंतर शतपावली घालायची पद्धत आहेच. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठात २०१६ साली प्रकार-२चा मधुमेह असलेल्या ४१ जणांवर एक साधा प्रयोग झाला. काही दिवस त्यांना सांगितलं, रोज अर्धा तास कधीही चाला. काही दिवस सांगितलं, तोच अर्धा तास तोडून तिन्ही जेवणांनंतर दहा-दहा मिनिटं चाला. चालणं तेवढंच, पण दुसऱ्या प्रकारात जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्के कमी राहिली आणि रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्के. त्यांच्या रात्रीच्या जेवणात पिष्टमय पदार्थ जास्त असत आणि जेवून झालं की ते बसून राहत. आपलं तरी काय वेगळं असतं? एक दुरुस्ती मात्र हवी. शंभर पावलांना एक मिनिटही पुरतं. न्यूझीलंडच्या हिशेबानं शतपावली दहापट व्हायला हवी.

हे सगळं आपल्याला इतरांपेक्षा जास्त लागू का पडतं, याचं उत्तर पुण्यात सापडलं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक मधुमेहाचे रुग्ण तपासत होते आणि त्यांना पाठ्यपुस्तकातले लठ्ठ, उतारवयाचे रुग्ण दिसत नव्हते. दिसत होती ती तरुण, सडपातळ माणसं. २००४ साली त्यांनी आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचंच छायाचित्र छापलं. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा निर्देशांक, अगदी एकसारखा: २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन धावत. आपला व्यायाम म्हणजे सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचं दार बंद होण्याआधी धावत जाऊन ते गाठणं, असं याज्ञिकांनी तिथं गमतीनं नोंदवलं आहे. वरून बारीक, आतून चरबीदार अशी ही भारतीय ठेवण. म्हणूनच आपल्याकडे बीएमआय २३ झाला की सावध व्हायला सांगतात, आणि कंबरेची मर्यादा पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८०. 'मी कुठे जाड आहे?' हा प्रश्न इथं फारसा उपयोगाचा नाही. २०२३ साली जाहीर झालेल्या देशव्यापी अभ्यासात भारतात मधुमेह असलेले १० कोटींहून जास्त आणि त्याच्या उंबरठ्यावरचे १३ कोटींहून जास्त लोक निघाले.

ही ठेवण येते कुठून? याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास सुरू केला. त्या गावांतली बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोच्या आसपास भरत. इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच लहान, पण चरबी मात्र त्यांनी राखलेली होती. कमी होते ते स्नायू आणि पोटातले अवयव. यातला २००१ साली छापलेला एक निष्कर्ष प्रत्येक घरात सांगितला गेला पाहिजे, असं मला नेहमी वाटतं. आई किती उष्मांक खाते, किती प्रथिनं खाते, याचा बाळाच्या आकाराशी संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो पालेभाजी, फळं आणि दूध ती किती वेळा खाते याच्याशी. ज्या बायकांच्या खाण्यात पालेभाजी आणि फळं वरचेवर येत, त्यांची बाळं मोठी होती. या गावांतलं फळ म्हणजे काही सफरचंद नव्हे. पालेभाजी म्हणजे मेथी, चाकवत, तांदुळजा, जे शेतात आणि बांधावर येतं ते.

त्याच गावांतून आणखी एक गोष्ट पुढे आली आणि ती व्यायामाचे सल्ले देणाऱ्यांनी आधी वाचावी. गरोदरपणात ज्या बायका जास्त कष्ट करत, शेतात राबणं, पाणी भरणं, धुणी धुणं, त्यांची बाळं लहान होती. 'रोज थोडा व्यायाम करा' हे वाक्य शहरातल्या खुर्चीवरच्या माणसासाठी आहे. दोन हंडे डोक्यावर घेऊन चढ चढणाऱ्या बाईला व्यायाम नको, विसावा हवा आणि ताटात भाजीची वाटी हवी.

पण गावांतला तो संबंध म्हणजे कारण आणि परिणाम, असं लगेच म्हणता येत नाही. ते तपासायला प्रयोग हवा होता आणि तो मुंबईच्या झोपडपट्ट्यांत झाला. 'सरस' नावाच्या या प्रकल्पात साडेसहा हजारांच्या आसपास बायकांना, दिवस राहण्याच्या आधीपासून बाळंतपणापर्यंत, रोज एक खाऊ दिला जात असे. एका गटाच्या खाऊत पालेभाज्या, फळं आणि दूध. दुसऱ्या गटाचा खाऊ दिसायला तसाच, पण आत बटाटा, कांदा वगैरे. गोळ्या नाहीत, पावडरी नाहीत. खमंग, तळलेला, रस्त्यावरच्या खाण्याशी नातं सांगणारा पदार्थ. ठरल्या जागी येऊन, कार्यकर्त्यांच्या समोर खायचा.

२०१४ साली निकाल आला. सगळ्या बायकांचा मिळून विचार केला तर बाळांच्या वजनात म्हणण्यासारखा फरक नव्हता. इथं थांबून 'प्रयोग फसला' म्हणता आलं असतं. पण दिवस राहण्याच्या आधी निदान तीन महिने खाऊ सुरू झालेल्या बायकांत बाळं सरासरी ४८ ग्रॅमनी जड होती. आणि खरी चकित करणारी गोष्ट दोन वर्षांनी छापून आली: बटाट्याचा खाऊ खाणाऱ्या गटात गरोदरपणातला मधुमेह १२.४ टक्के बायकांना झाला, पालेभाजी-फळांच्या गटात ७.३ टक्के. रोजच्या एका खाऊनं, त्याच वस्तीत, त्याच परिस्थितीत. पूर्ण ताट बदललं नव्हतं. एवढीशी भर होती.

मग त्या भाजीतलं नेमकं काय उपयोगी पडतं ते काढून गोळी का करू नये? करून पाहिलं आहे. गाजरासारख्या भाज्यांतलं बीटा-कॅरोटीन ज्यांच्या रक्तात जास्त, त्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी होतो, असं दिसत होतं. फिनलंडमध्ये २९ हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना घेऊन प्रयोग केला; काहींना बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या, काहींना आत काहीच नसलेल्या नुसत्याच गोळ्या. १९९४ साली निकाल लागला तेव्हा बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. भाजीत एकच द्रव्य नसतं. तंतू असतात, पोटॅशियम असतं, फोलेट असतं, पाणी असतं, आणि पोट भरल्यावर जे बाकीचं खाल्लं जात नाही तेही मोजायला हवं. आपल्याला न पचणारे तंतू मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंना लागतात. ते आंबवून जिवाणू जी आम्लं तयार करतात त्यांवर आतड्याच्या अस्तरातल्या पेशी पोसल्या जातात. फळाचा रस काढून चोथा टाकला की हा भाग केराच्या टोपलीत जातो आणि साखर ग्लासात उरते. म्हणूनच अखंड फळ खाणाऱ्यांत मधुमेहाचं प्रमाण कमी दिसतं आणि रस पिणाऱ्यांत तसं दिसत नाही. पेरू दातानं खावा. त्यात 'क' जीवनसत्त्व संत्र्याच्या चौपटीच्या आसपास असतं आणि तो स्वस्तही असतो.

मराठी स्वयंपाकात भाजी वाढवायला परक्या पदार्थांची गरज नाही, हे आपलं भाग्य. ताटाच्या डाव्या बाजूला कोशिंबिरीची जागा ठरलेलीच आहे; ती चमचाभर वाढण्याऐवजी वाटीभर वाढली तरी दोनशे ग्रॅमांपैकी निम्म्याच्या जवळ जाता येतं. काकडी, गाजर, मुळा, कोबी, पपई, जे हाताशी असेल ते. पालेभाजीवर लिंबू पिळणं ही नुसती चवीची बाब नाही: त्यातल्या 'क' जीवनसत्त्वामुळे भाजीतलं लोह जास्त शोषलं जातं. उलट जेवणाला लागून चहा घेतला तर ते कमी शोषलं जातं. तेलाच्या फोडणीबद्दल अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही, कारण पालेभाजीतलं कॅरोटीन स्निग्धाशिवाय नीट शोषलं जात नाही. फक्त तेल भाजीपेक्षा वर तरंगू नये. भाजी आधी धुवावी आणि मग चिरावी. चिरून पाण्यात टाकली आणि पाणी ओतून दिलं की 'क' जीवनसत्त्व आणि फोलेट मोरीत जातात.

काहींना मात्र हे सल्ले तसेच्या तसे लागू नाहीत. मूत्रपिंडं कमकुवत असतील तर भाज्या-फळांतलं पोटॅशियम रक्तात साचू शकतं. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉर्फरिन घेणाऱ्यांनी पालेभाजी एकदम वाढवली तर तिच्यातल्या 'के' जीवनसत्त्वामुळे औषधाचा परिणाम कमी होतो. चालताना छातीत दाटून येत असेल तर पावलं मोजायची नसतात, डॉक्टर गाठायचा असतो. जोर-बैठका आणि सूर्यनमस्कारही सगळ्यांनी एकदम घालायचे नसतात. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी संस्थानातल्या शाळांमधून सूर्यनमस्कार रुजवले ते लहान वयापासून. साठीत पहिल्यांदा घालणाऱ्यानं बारानं सुरुवात करू नये, दोन घालावेत. स्नायूंना जोर लावण्याची आठवड्यातली अट त्यानंही पुरी व्हायला लागते.

आणि पैशांचं काय? हा प्रश्न टाळून भाजीवर लेख लिहिणं बरं नव्हे. १८ देशांच्या पाहणीत असं दिसलं की गरीब देशांत रोजची पाच मापं फळं-भाज्या घ्यायची तर घरातल्या माणशी उत्पन्नाचा जवळपास निम्मा भाग त्यातच जाईल. पावसाळ्यात मेथीची जुडी विचारायची सोय राहत नाही, आणि घरात भाजी कमी पडली की ती बहुतेक वेळा शेवटी जेवणाऱ्या बाईलाच कमी पडते. पुण्याच्या त्या गावांचे आणि मुंबईच्या त्या वस्त्यांचे आकडे हे तिच्या ताटाचे आकडे आहेत. स्वस्तातला मार्ग शोधायचा तर तो बाजाराच्या कडेला असतो. मेथी महागते तेव्हाच ठाणे, पालघर, रायगडच्या बाजारांत आदिवासी बायका टाकळा, फोडशी, कुर्डू, करटोली घेऊन बसतात. शेवग्याच्या शेंगा आपण भाव करून घेतो आणि झाडाचा पाला तसाच राहतो, जो खरं तर शेंगांपेक्षा कॅरोटीननं आणि कॅल्शियमनं जास्त भरलेला असतो. मुळ्याचा पाला, बिटाचा पाला, फ्लॉवरची कोवळी पानं भाजीवाला सुरीनं छाटून बाजूला टाकतो. मुळ्याच्या पाल्यात मुळ्यापेक्षा लोह आणि कॅल्शियम कितीतरी जास्त असतं, आणि मुळा घेताना मागितला तर तो पाला वेगळे पैसे न घेता पिशवीत पडतो.